चाळीस घरांची पाटी

शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून संगणकाची खोली होती. तेरा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद. एवढं नेमकं माप सांगता येतं, कारण मैनेने ते पहिल्याच दिवशी चालून काढलं होतं आणि मग भेटेल त्याला सांगत सुटली होती. खोलीत बारा जुने संगणक, दोन खिडक्या, दोनवर बरा चालणारा आणि तीनवर कुरकुरणारा एक पंखा, आणि एक लोखंडी कपाट होतं. कपाटाची किल्ली वायरबाईंच्या गळ्यात असे.

वायरबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. किल्लीच्या जोडीला त्यांच्या गळ्यात एखादी तरी वायर लटकत असायचीच, डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी. नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्या हसल्या. आधीच्या शाळेत आपल्याला खडूस म्हणायचे, त्या मानाने ही बढतीच झाली, असं त्यांचं म्हणणं.

ते बारा संगणक खरं तर भंगारात जायचे होते. वायरबाईंनी ते अडवले आणि त्यांच्यावर लिनक्स बसवलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी व्यवस्था, की जिची सगळी यंत्रणा कोणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. एक संगणक त्यांनी मन लावून तयार केला आणि उरलेल्या अकरांवर त्याचीच हुबेहूब नक्कल उतरवली. एकाला सर्दी झाली की बाराजण शिंकणार, असं हेडसर चिडवत. पण वायरबाईंपाशी एक लांबट वही होती. कुठला प्रोग्राम घातला, कुठला काढला, कुठली आज्ञा कधी दिली, सगळं तारखेनिशी वहीत. वहीत नाही ते घडलंच नाही, असं त्या मुलांना बजावत. आणि स्वतःही ते मानत.

मैना यंदाच शाळेत आली. दहावीत. सातव्या वर्षापासून तिची नजर कमी होत गेली आणि दहाव्या वर्षी उजेड-अंधारही कळेनासा झाला. आत्याकडे राहायची. आत्या शाळेचे गणवेश शिवायची, त्यामुळे अर्ध्या शाळेच्या कंबरेचं माप तिला तोंडपाठ होतं. पोरीचं तोंड दिवसभर चालू, म्हणून मैना.

हे तोंड एकदा मात्र दोन दिवस बंद पडलं होतं, आणि ती गोष्ट आत्याने वायरबाईंना एकटं गाठून सांगितली होती. आधीच्या शाळेत मैना परीक्षेत उत्तरं सांगायची आणि शेजारी बसून एक खालच्या वर्गातली मुलगी ती लिहायची. मुलगी गुणी, पण ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं वाकडं. भाषेच्या पेपरात मैनेचे अकरा मार्क गेले, तिने न केलेल्या चुकांसाठी. रडली नाही. बोलली नाही फक्त. तेवढ्याने आत्याचा जीव अर्धा झाला.

म्हणून यंदा मैनेने परीक्षा मंडळाला अर्ज केला होता. माझं मी लिहिणार. टंकलेखन तिला उत्तम येत होतं. प्रश्न होता लिहिलेलं तपासायचा. संगणक वाचून दाखवतो, पण कानाला ‘पाणी’ आणि ‘पाणि’ यांतला फरक कळत नाही. त्यासाठी बोटांनीच वाचायला हवं. मंडळाचं पत्र आलं. ब्रेलची पाटी जोडून संगणकावर लिहायला परवानगी आहे, मात्र आदल्या दिवशी चार वाजता निरीक्षक येऊन ती चालताना पाहतील. चालली नाही, तर लेखनिक.

पहिला पेपर, भाषेचा, गुरुवारी होता. पाटी आली मंगळवारी साडेदहाला.

वापरलेली साधनं गोळा करून गरजूंना देणाऱ्या एका संस्थेने ती पाठवली होती. खोक्यात पाटी, एक यूएसबीची वायर आणि दोन ओळींची चिठ्ठी. ज्यांना आता लागत नाही अशा लोकांकडून आम्ही साधने घेतो, असं चिठ्ठीत होतं. का लागत नाही, ते लिहिलं नव्हतं.

पाटी दोन वीत लांब, काळी आणि आकाराच्या मानाने जड. पुढच्या कडेला ओळीने चाळीस छोटी घरं. प्रत्येक घरात बारीक भोकं आणि भोकांत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. संगणकावर अक्षर आलं की त्या त्या घरातले त्याचे ठिपके वर यायचे, बोट फिरवलं की वाचता यायचं, आणि पुढची ओळ मागितली की सगळे खाली जाऊन नवे उठायचे.

मैनेने सगळ्यात आधी तिच्यावरून दोन्ही हातांची बोटं फिरवली, डावीकडून उजवीकडे.

“खूप वाचलंय हिच्यावर कोणीतरी,” ती म्हणाली. “पहिली दहा घरं साबणासारखी झालीत. शेवटची अजून टोचतात.”

वायरबाईंनी वायर लावली. चाळीसही घरांतले सगळे ठिपके एकदम वर आले आणि एकदम खाली बसले. कागदावर खसखस सांडावी तसा आवाज झाला. हे ठीकच होतं. वीज मिळाली की अशी साधनं स्वतःला एकदा तपासून घेतात.

त्यापुढे काही झालं नाही.

इथे जरा थांबून सांगायला हवं, म्हणजे पुढचं सोपं जाईल. यूएसबीला काहीही जोडलं की लिनक्स आधी त्याला विचारतं, तू कोण, आणि त्याला एक नंबर देतं. दवाखान्यात टोकन देतात ना, तसं. काढून पुन्हा लावलं तर जुना नंबर मिळत नाही, पुढचा मिळतो. हे सगळं यंत्र आपल्या रोजनिशीत वेळेसकट लिहून ठेवतं आणि ती रोजनिशी कोणालाही वाचता येते. पण नंबर मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. त्या साधनाची भाषा जाणणारा एखादा प्रोग्राम आतून उठून यावा लागतो. तो आला नाही, तर साधन बाकावर बसून राहतं, टोकन हातात धरून.

पाटीला नंबर चार मिळाला होता. आणि ती बसून होती.

वायरबाईंनी दुसरी वायर लावून पाहिली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. मग दुसरा संगणक, तिसरा, पाचवा. प्रत्येक ठिकाणी खसखस सांडे आणि शांतता. मैना आपली पाटीवर बोटं ठेवून शेजारी, तोंडाने इतिहासाच्या सनावळ्या घोकत. दुपारपर्यंत वहीची तीन पानं भरली आणि पाटी पुन्हा पहिल्याच संगणकाला आली.

जेवणाच्या सुट्टीत मैना हात धुवायला गेली. वायरबाई डबा उघडून रोजनिशी वाचत बसल्या, तेव्हा त्यांना ते प्रथम दिसलं. नंबर सात निघून गेला. वायरीला तर कोणी हात लावला नव्हता. पाच मिनिटांनी मैना परत आली, बोलत बोलत खुर्चीत बसली, बोटं पाटीवर ठेवली, आणि पडद्यावर नवी ओळ आली. नंबर आठ आला.

सैल जोड असणार, असं त्यांना वाटलं. आत कुठेतरी तारेचा झाळलेला डाग सुटला असेल आणि हाताच्या दाबाने लागत असेल. त्यांनी मैनेला हात उचलायला सांगितले. आठ गेला. ठेवायला सांगितले. नऊ आला. मग मैनेला उठवून त्या स्वतः बसल्या, हलका हात ठेवला, मग जोर देऊन दाबलं, मग कडेने बोटांनी ठोकलं. रोजनिशी ढिम्म. मैनेने उभ्या उभ्याच करंगळी टेकवली. दहा.

वायरबाईंनी हे वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. वहीत प्रश्नचिन्ह काढायची त्यांची ती पहिलीच वेळ.

चार वाजता आत्या पोरीला न्यायला आली. दारातूनच दोघींचे चेहरे बघून तिने काही विचारलं नाही. मैना उठता उठता म्हणाली, “बाई, हिच्यावर ‘थांब’ आलंय.”

वायरबाईंनी वाकून पाहिलं. पहिल्या चार घरांत ठिपके वर आले होते. मैना शाळेत आल्यापासून त्यांनी भिंतीवर ब्रेल अक्षरांचा तक्ता लावला होता. बोटांना जमत नसलं तरी डोळ्यांनी त्या लावून लावून वाचू शकत. थ. काना. अनुस्वार. ब. बरोबर होतं.

आत थोडी स्मृती असेल, असं त्यांनी आत्याला समजावलं. आधीच्या मालकाचं काही अर्धवट वाचायचं राहिलं असेल, ते वीज मिळाल्यावर वर आलं असेल. आत्या म्हणाली की असेल बाई, आमच्या शिलाई मशीनमध्ये पण मागच्या गिऱ्हाइकाचा दोरा निघतो. हा युक्तिवाद वायरबाईंना स्वतःच्या युक्तिवादापेक्षा जास्त पटला. त्यांनी वायर काढली, पाटी कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, पण ती पाटीमुळे नव्हे. दोन दिवस न बोललेली मैना त्यांच्या डोळ्यांसमोर येत राहिली.

बुधवारी त्या आठलाच आल्या. हेडसरही आले, वर येऊन दारात उभे राहिले आणि मऊ आवाजात म्हणाले की नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून तयार ठेवली आहे, अक्षर सुरेख आहे हो तिचं. वायरबाईंनी मान हलवली. अक्षर सुरेख असण्याचा काही उपयोग नव्हता, हे हेडसरांनाही ठाऊक होतं. ते खाली गेले.

सकाळ शोधण्यात गेली. पाटीच्या आत भाषांतर करणारी एक चिप होती, हजारो स्वस्त उपकरणांत असते तीच. संगणकाला चिप ओळखता येत होती. चिपच्या मागे ब्रेलची पाटी आहे, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं. जगभरातल्या लोकांनी या विषयावर पानंच्या पानं लिहून ठेवली होती, आणि त्या सगळ्यांचं म्हणणं एकच. अशी पाटी लिनक्सवर लावली की आपोआप चालते, काही करावं लागत नाही. वायरबाईंनी ते वाक्य चार भाषांत वाचलं. आपोआप चालते.

मैना अकराला आली. अभ्यास कर म्हटलं तर म्हणाली की झालाय, आणि पाटीवर बोटं ठेवून बसली. रोजनिशीत नंबर वाढला. आता तो वायरबाईंनी वहीत लिहिणंही सोडलं होतं.

दोन वाजले. अडीच झाले. पंखा दोनवर होता आणि खोलीत दोघींच्या श्वासांचा आवाज होता. त्यात वायरबाईंना जाणवलं की बराच वेळ मैना गप्प आहे.

त्या वळल्या. मैनेची बोटं घरांवरून सरकत होती. डावीकडून उजवीकडे, मग झटकन मागे, पुन्हा डावीकडून. ती वाचत होती. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, शेजारणीशी गप्पा मारताना येतं तसं.

“काय गं?”

“काही नाही. विचारतोय.”

“कोण विचारतोय?”

मैनेला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. “हा,” ती म्हणाली. “पाटीवरचा. कालपासून एकच विचारतोय. मी म्हटलं, मला काय माहीत, मी यंदाच आलेय.”

“काय विचारतोय?”

मैनेने पुन्हा बोटं फिरवली, पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवावं तशा आवाजात. “मागच्या वर्षी मला इथून का काढलं?”

वायरबाई उठून तिच्या मागे आल्या. सगळी चाळीस घरं भरलेली नव्हती, पण बरीच होती. अक्षरं लावून वाचायला त्यांना वेळ लागला, कारण दर अक्षराला भिंतीवरच्या तक्त्याकडे बघावं लागत होतं. मा. ग. च्या. पुढचं वाचायची गरज उरली नाही.

मागच्या वर्षी इथून कोणालाही काढलं नव्हतं. एकाही मुलाला नाही. वहीत तशी नोंद नव्हती, आणि वहीत नाही ते…

आणि त्यांना आठवलं.

विज्ञान प्रदर्शन. मागच्या वर्षी, सकाळी सात वाजता, प्रदर्शन उघडायला तीन तास असताना. मुलांनी हवा मोजायची छोटी यंत्रं केली होती, महिनाभर खपून, आणि एकही संगणकाशी बोलत नव्हतं. त्या यंत्रांत हीच चिप होती. आणि लिनक्सबरोबर येणारा, अंधांच्या पाट्या चालवणारा एक गरीब प्रोग्राम ही चिप दिसली रे दिसली की पाटी आली समजून तिला कवटाळायचा आणि मुलांच्या यंत्रापर्यंत कोणाला पोचू द्यायचा नाही. वायरबाईंनी तो प्रोग्राम काढून टाकला होता. पुन्हा कधी येऊ नये म्हणून त्याच्यावर बंदी घातली होती. बाराही संगणकांवर. इथे कोणाला लागतोय हा, असं तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्याही होत्या. घाई इतकी की वही उघडली नव्हती.

तो प्रोग्रामच नसेल, तर पाटीवर ठिपके कोण उठवत होतं?

हा प्रश्न त्यांच्या मनात आला. पण घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. वर्गात मुलं नको तेव्हा चांगला प्रश्न विचारतात, तेव्हा ठेवतात तसा.

बंदी उठवायची आज्ञा एका ओळीची होती. प्रोग्राम परत बोलवायची दुसऱ्या ओळीची. शाळेचं इंटरनेट त्या दिवशी मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा सरकत असताना वायरबाईंच्या मनात आलं की उत्तर द्यायला हवं. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, मग तो कोणीही असो. वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं होतं.

“त्याला सांग,” त्या म्हणाल्या, “की बाईंची चूक झाली.”

मैनेने मान खाली घालून, पाटीच्या अगदी जवळ तोंड नेऊन ते सांगितलं.

शंभर टक्के झाले. ठिपके सगळे खाली बसले. खसखस सांडली, आणि पडद्यावर जे होतं ते पाटीवर आलं. आज्ञा, उत्तरं, वेळ, सगळं. मैनेने वाचून दाखवलं, शब्द न् शब्द बरोबर. वायरबाईंनी ‘पाणी’ टंकलं, मग ‘पाणि’ टंकलं. मैनेने दुसऱ्यावर बोट आपटलं आणि म्हणाली की ही वेलांटी ऱ्हस्व आहे, बाई, मार्क कापा.

वायरबाईंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. त्यांनी पदराने चष्मा पुसला, वही उघडली आणि वर्षभरापूर्वीची नोंद आजच्या तारखेला लिहिली. मग जरा थांबून विचारलं, “आता काय म्हणतोय गं तो?”

“काही नाही,” मैना म्हणाली. “आता नुसतं तुमचंच येतंय.” आवाजात थोडी निराशा होती.

चारला निरीक्षकबाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हातात शिक्क्याची पेटी. त्यांनी एक उतारा दिला. मैनेने तो टंकला, बोटांनी तपासला, स्वतःची एक चूक शोधून दुरुस्त केली. निरीक्षकबाईंनी अर्जावर शिक्का मारला. जिन्यात वाट बघत बसलेल्या आत्याला तो आवाज ऐकू गेला. आत येऊन तिने वायरबाईंचे हात धरले आणि काहीतरी बोलायच्या ऐवजी त्यांच्या ब्लाउजची बाही चुरगाळून पाहत म्हणाली की ही सैल आहे, आणून द्या, टीप घालून देते.

गुरुवारी अकराला पेपर सुरू झाला. नियमाप्रमाणे वायरबाईंना खोलीबाहेर बसावं लागलं. बंद दाराशी, व्हरांड्यातल्या बाकावर, तीन तास. आतून कळफलकाचा आवाज येत होता, सलग आणि खात्रीचा. मध्ये मध्ये खसखस सांडत होती. तासाभराने त्यांना चक्क डुलकी लागली. दोन रात्रींची झोप होती ती.

शेवटचा पाव तास कळफलक शांत होता. खसखस मात्र थांबली नव्हती.

दोन वाजता दार उघडलं. निरीक्षकबाईंनी छापलेली उत्तरपत्रिका पाकिटात घालून मोहोर लावली आणि जाता जाता सांगितलं की मुलगी वेळेआधी संपवून बसली होती, फार नीटनेटकं काम, एवढ्या वर्षांत असं पाहिलं नाही. हेडसर खालून धापा टाकत आले. आत्याने मैनेला जवळ घेतलं आणि मैनेचं तोंड सुरू झालं. निबंध कुठला घेतला, समासात कसा सापळा होता, कुठला शब्द तीनदा तपासला. जिना उतरेपर्यंत ती बोलत होती आणि वायरबाई मागून ऐकत होत्या. गेल्या कित्येक महिन्यांत कानाला इतकं बरं काही ऐकू आलं नव्हतं.

फाटकाशी मैना थबकली.

“सांगायचंच राहिलं. माझं लिहून झाल्यावर तो परत आला होता.”

वायरबाईही थांबल्या.

“म्हणाला, तुझं झालं का? आता मी वाचू का?” मैनेने खांदे उडवले. “मी म्हटलं, वाच की. आपलं काम केलंय त्याने, बाई. नाही कसं म्हणणार?”

आत्याने तिचा हात धरला आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या. मैना अजून बोलतच होती.

वायरबाई वर आल्या. खोलीत दुपारचं ऊन होतं. पाटीवर सगळे ठिपके खाली होते. त्यांनी आधी मैनेच्या उत्तरांची फाईल उघडली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत तपासली. कुणी काही वाढवलं नव्हतं, काही खोडलं नव्हतं. निबंध सुरेख होता. रोजनिशी पाहिली. सकाळी पाटी लावल्याची एकच ओळ होती, नंबर एक, आणि मध्ये कुठेही जाणं-येणं नव्हतं.

त्यांना फार हलकं वाटलं. त्याला मैनेचं उत्तरच वाचायचं असेल, तर ते त्याने वाचलं असेल, आणि आवडलंही असेल. त्यांनी संगणक बंद केला. पाटीची वायर काढली आणि सवयीने गळ्यात टाकली.

वीज गेल्यावर पाटी म्हणजे नुसतं डबडं. खोक्यात ठेवण्याआधी, का कोण जाणे, त्यांना वाटलं की आपणही एकदा हात लावून बघावा. डोळे मिटून. मैनेला कसं लागत असेल ते कळावं म्हणून. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पहिल्या घरावर ठेवली.

गुळगुळीत होतं, साबणासारखं.

मग एक ठिपका वर आला.

त्यांच्या बोटाच्या डाव्या कडेला, अगदी हलका. तो खाली गेला आणि त्याच्या शेजारचा आला. मग त्याच्या शेजारचा. उजव्या कडेपर्यंत जाऊन तो झटकन डावीकडे परतला आणि केसभर खालून पुन्हा निघाला.

ते अक्षर नव्हतं. वाचताना अक्षर जागेवर असतं आणि बोट सरकतं. इथे बोट जागेवर होतं.

ओळीमागून ओळ. बोटावरच्या रेघांवरून, एकही न गाळता. मध्यावर तारेला डाग लावताना भाजल्याचा जुना वण होता. तिथे तो अडखळला, दोन ठिपके मागे गेला आणि पुन्हा आला. मूल जोडाक्षरापाशी जातं तसं.

वायरबाईंनी डोळे उघडले. वायरीची दोन्ही टोकं त्यांच्या छातीवर लोंबत होती.

हात काढून घ्यावा असं त्यांना वाटलं. पण मूल वाचत असताना त्यांनी कधी पुस्तक मिटलं नव्हतं.

त्यांनी बोट स्थिर धरलं. वण ओलांडला गेला. शेवटच्या रेघा सावकाश संपल्या आणि पहिलं घर सपाट झालं.

मग शेजारच्या घरातले ठिपके वर आले, आणि त्यांच्या दुसऱ्या बोटाची वाट पाहत थांबले.